मंगळवारचे बूट

तारोय बेटावर दार ठोठावायची पद्धत नाही. माणूस पडवीत येतो, बूट काढतो आणि "आहे का कोणी घरात" असं पुटपुटत सरळ स्वयंपाकघरात येऊन बसतो. दार वाजवणारा म्हणजे एक तर मुख्य भूमीवरून आलेला सरकारी माणूस, नाही तर वाईट बातमी. ठोठावून आत जावं लागे असं दार अख्ख्या बेटावर एकच होतं. शाळेच्या आवारात एक पिवळं घर आहे, पूर्वी मास्तरांचं राहतं घर, त्यातल्या डाव्या हाताच्या खोलीचं. त्या दाराआड माग्नहिल्ड बसायची.

माग्नहिल्ड शाळेची समुपदेशक. उंच, हाडापेराने मजबूत बाई. पिकत चाललेल्या केसांची एकच वेणी आणि बाराही महिने अंगात तोच राखाडी स्वेटर. मूल समोर येऊन बसलं की ती आधी कॉफीचा थर्मास बाजूला सारायची आणि मग प्रत्येकाला तेच सांगायची, पहिल्यांदा आलेल्यालाही आणि दहाव्यांदा आलेल्यालाही. "तू बोलशील ते या चार भिंतींत राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तरच मला बोलावं लागेल, आणि तेही तुझ्या पाठीमागे नाही. आधी तुला सांगेन." एवढं बोलून ती गप्प बसायची. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बेटावरच्या आयांना ते गप्प बसणं सलायचं. जिला पोटात वाढवली ती मुलगी घरी दोन शब्द धड बोलत नाही, आणि तिथे जाऊन तासभर बसते, डोळे पुसत बाहेर येते, आणि घरी विचारलं तर "काही नाही" म्हणते. मग आया यायच्या. कुणी केक घेऊन, कुणी माशांचे वडे घेऊन. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या की हळूच विषय काढायच्या. माग्नहिल्ड डबा उघडायचीसुद्धा नाही. "विचारायचं असेल तर तिलाच विचार," एवढंच म्हणायची आणि डबा परत हातात द्यायची. दुकानवाली हाल्दिस एकदा त्याच पडवीत उभी राहून तिला म्हणाली होती, "तुला स्वतःचं नाही, म्हणून आमची पळवतेस होय." माग्नहिल्डने ते ऐकून घेतलं. घरी नवऱ्यापाशीही त्यातलं अक्षर काढलं नाही, कारण हाल्दिस का चिडली हे सांगायचं तर तिची मुलगी आपल्याकडे येते हेही सांगावं लागलं असतं.

मनातून मात्र तिला त्या आयांची कीव यायची. हेवा हा कोत्या मनाचा रोग, असं तिचं मत. आपल्याला तो नाही याचा तिला जरा ताठाही होता. प्रार्थनाघरात मान खाली घालून बसलेल्या माणसाचा ताठा चटकन दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता.

मूल नव्हतं, पण तिच्या धाकट्या बहिणीची, योरुनची, मुलगी सुन्निवा होती. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेऊन उभी राहिली ती माग्नहिल्डच. पहिला टाका विणायला शिकवला तिनेच. आता सुन्निवा नववीत होती, येत्या मे महिन्यात चर्चमध्ये तिचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन मुलाने स्वतःच्या तोंडाने पक्कं करायचा विधी, व्हायचं होतं, आणि त्या दिवशी घालायचा निळा लोकरी पोशाख माग्नहिल्ड गेली तीन वर्षं हाताने भरत होती. चोळीवरची फुलं झाली होती, घागऱ्याची किनार राहिली होती. रविवारी सुन्निवा यायची, वॅफलवर तपकिरी चीज आणि जॅम घालून खायची, कापड मांडीवर ओढून म्हणायची, "मावशी, हे लाल फूल जरा जास्त हसतंय." माग्नहिल्डचा नवरा आर्वे म्हणायचा, या पोरीची आई नेमकी कोण ते एकदा कागदावर लिहून घ्यायला हवं. योरुन तेव्हा हसायची. तिच्या हसण्यात काही असेल, असं माग्नहिल्डच्या कधी मनात आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी शाळा सुटल्यावर पिवळ्या घराचं दार वाजलं. सुन्निवा होती. ती आत आली, खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या.

"मावशी, मला एक सांगायचंय. पण मावशीला नाही. इथल्या बाईला."

माग्नहिल्डचा हात सवयीने थर्मासकडे गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षं ती परक्या मुलांची वाट पाहत या खोलीत बसली होती. आज आपलं माणूस दारात आलं होतं, आणि ज्या एका माणसाचं इथे ऐकायचं नाही ते नेमकं हेच. रक्ताच्या नात्यातल्या मुलाचं समुपदेशकाने ऐकायचं नाही, हा धंद्याचा नियम. शाळेत तो बोलून दाखवणारी तीच होती. आदल्या वर्षी मुख्य भूमीवरून नवी मुलगी रांदी कामाला लागली, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी माग्नहिल्डने सांगितलं होतं, आपल्या माणसाचं ऐकायला बसलं की आपण आपलंच ऐकत बसतो.

"बाळा," ती म्हणाली, "या खोलीत मी तुझी कुणी होऊ शकत नाही. घरी ये, मावशी म्हणून सगळं ऐकेन. पण तुला मावशी नको असेल तर मंगळवारी रांदी येते. तिच्याकडे जा. मी तिला फक्त वेळ ठेवायला सांगेन, दुसरं काही नाही."

सुन्निवा तिच्याकडे पाहत राहिली. तिला बहुधा वाटलं होतं की मावशी नियम मोडेल. खरं म्हणजे माग्नहिल्डलाही आतून वाटत होतं की पोरगी आता म्हणेल, जाऊ दे, घरीच सांगते. पण सुन्निवा उठली, बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "बरं. मंगळवारी."

पुढच्या रविवारी ती आली. वॅफल खाल्ले, फुलांवर बोट फिरवलं आणि अवाक्षर बोलली नाही. मंगळवारी ती रांदीकडे गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेली.

रांदी म्हणजे तिशीही न गाठलेली पोर. नाकात चमकी, डोक्यावर पुरुषी टोपी, आणि हसू असं की धक्क्यावर बोट बांधणारा माणूस वळून बघेल. मंगळवारी सकाळच्या जलद बोटीने यायची, संध्याकाळच्या बोटीने जायची. प्रार्थनाघराशी तिचा संबंध नाही. तिला विणता येत नव्हतं, वॅफलचं पीठ ती पाकिटातलं आणायची. हे सगळं माग्नहिल्डला आधीही ठाऊक होतं आणि आधी त्यातलं काहीच खटकलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. मंगळवारी डावीकडची खोली रांदीची असायची आणि माग्नहिल्ड मोठ्या इमारतीत दहावीच्या मुलांना पुढे काय शिकायचं ते समजावत बसायची. तिच्या टेबलासमोरच्या खिडकीतून पिवळ्या घराची पडवी समोर दिसायची. पडवीत बूट असायचे.

बुटांचं सांगायला हवं. तारोयवर मुलांचे रबरी बूट मिळतात ते फक्त हाल्दिसच्या दुकानात, आणि ती एकाच जातीचे ठेवते, निळे. शाळेत, प्रार्थनाघरात, जिथे चार घरं एकत्र येतील तिथे बुटांची अदलाबदल व्हायची. म्हणून प्रत्येक घराने बुटाच्या वरच्या कडेभोवती आपापली चिकटपट्टी लावलेली. योरुनच्या घरची लाल. सुन्निवाच्या बुटांवरची पट्टी माग्नहिल्डने स्वतः लावली होती, कडा नखाने घासून घासून, पाण्याने सुटू नये म्हणून.

ते लाल पट्टीचे निळे बूट आता दर मंगळवारी रांदीच्या पडवीत उभे असायचे. बाहेर पडणाऱ्याला पाय घालायला सोपं जावं म्हणून टोकं रस्त्याकडे वळवलेली. पाहुण्याचे बूट असे वळवून ठेवायची पद्धत माग्नहिल्डची, तिच्या आईपासूनची. शहरातून आलेल्या रांदीला ती कुठून आली? सुन्निवानेच सांगितली असणार. आपल्या घरातली गोष्ट तिने तिथे नेऊन दिली, हे माग्नहिल्डच्या मनाला असं लागलं की समोरचा मुलगा जहाजाच्या यंत्रशाळेबद्दल विचारत होता आणि तिने त्याला स्वयंपाकी व्हायची माहिती दिली.

तिचं तिलाच नवल वाटायचं. शेजाऱ्याच्या घराचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नये ही दहा आज्ञांमधली आज्ञा तिने सुन्निवाच्याच वयात पाठ म्हणून दाखवली होती. दुसऱ्याच्या मंगळवाराचा लोभ धरू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. प्रार्थनाघरात बायका एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. माग्नहिल्डने रांदीचं नाव घ्यायचं ठरवलं, दोन-तीनदा ओठांपर्यंत आणलं, आणि दर वेळी आजारी मेंढ्यांसाठी प्रार्थना करून खाली बसली.

एका मंगळवारी शिक्षकांच्या खोलीत दोघीच होत्या. माग्नहिल्डने घरून वॅफल आणले होते. रांदीपुढे डबा सरकवून ती सहज म्हणावं तशी म्हणाली की हल्ली मुलं नीट खात नाहीत, नववीतल्या मुली तर विशेष, काहींचे चेहरे किती उतरलेत.

रांदीने उचललेला वॅफल परत डब्यात ठेवला.

"ताई, तुम्ही मला काय विचारताय?"

"मी कुठे काय विचारलं?"

"विचारायचं असेल तर तिलाच विचारा," रांदी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण कुणाकडून शिकलो, आणि ती कानापर्यंत लाल झाली. माग्नहिल्डने डब्याचं झाकण लावलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात परत दिलेला डबा आज तिच्या हातात होता.

"काय वेळ येते बघ," ती संध्याकाळी आर्वेला म्हणाली. काय झालं ते सांगितलं नाही, सांगता येण्यासारखं नव्हतं. आर्वे जाळं दुरुस्त करत होता. तो म्हणाला, "तुझं तोंड असं झालंय जसं कुणी तुझ्या खडकावर मासे धरले." बायकोला तो इतकं अचूक काही क्वचितच बोलला असेल.

नाताळाच्या आधी प्रार्थनाघरात बायकांची जत्रा भरते. विणलेले मोजे, केक, सोडतीची तिकिटं. त्यासाठी लोकर आणायला माग्नहिल्ड दुकानात गेली, तेव्हा हाल्दिस खिडकीशी कॉफी पीत उभी होती. मंगळवार होता. माग्नहिल्ड तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने बाहेर पाहिलं. दुकानाच्या खिडकीतून पिवळ्या घराची पडवी तिच्या स्वतःच्या खिडकीतून दिसते त्याहूनही स्वच्छ दिसत होती.

"लाल पट्टी," हाल्दिस म्हणाली. "नाताळ आला तरी चालूच आहे. आता कळलं का बाई, आम्हाला कसं व्हायचं?"

माग्नहिल्डने लोकरीच्या गड्ड्यांकडे हात नेला.

"तुझ्या वेळेलाही असंच. तू तोंडाला कुलूप घालून बसायचीस, कपाटाला कुलूप घालायचीस, आणि आम्ही इथून सगळं वाचायचो. हिरवी पट्टी आली की आज त्या घरात काहीतरी झालंय. पिवळी आली की बापाने पुन्हा पिऊन धिंगाणा घातलेला दिसतोय. पट्ट्या मीच विकते. कुणाची कुठली ते मला नाही माहीत तर कुणाला."

ती हे दुष्टपणाने म्हणाली नाही. वर म्हणाली की तिला वाटायचं माग्नहिल्डला ठाऊकच असेल.

माग्नहिल्डला ठाऊक नव्हतं. तिने लोकर घेतली, पैसे दिले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्याकडून एक शब्द बाहेर गेला नाही, यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. शब्द गेला नव्हता हे खरंच, पण इतकी वर्षं बूट बोलत होते. पिवळ्या पट्टीची एक मुलगी पूर्वी दोनदा आली होती आणि मग यायचीच थांबली. माग्नहिल्डने तेव्हा समजूत करून घेतली होती की तिचं बरं चाललं असेल. ती मुलगी आता कुठे होती, कुणास ठाऊक. हे मनात आलं तेव्हा, त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच, तिला रांदीचा विसर पडला.

फार वेळ पडला नाही. दुकानात बोललेलं घरोघर जायला बेटावर उशीर लागत नाही. दोनच दिवसांत योरुन आली आणि बूट काढायचंही विसरून स्वयंपाकघरात उभी राहिली.

"ताई, खरं सांग. सुन्निवा त्या बाईकडे जाते?"

"हे मला विचारू नकोस."

"म्हणजे जाते."

"म्हणजे काही नाही. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"तू माझी बहीण आहेस की सरकारची?"

माग्नहिल्ड बटाट्याचे गोळे उकळत होती. ती झाऱ्याने एकेक गोळा फिरवत राहिली. मग एवढंच बोलली की कुठल्याही मुलाच्या जिवाला धोका असला तर घरच्यांना बोलावलंच जातं, तो नियम आहे, तेव्हा योरुनने तशी भीती बाळगू नये. योरुन खुर्चीवर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला. "पोरगी माझ्याशी बोलत नाही, ताई. तुझ्याकडे आली असती तर मला चाललं असतं. मी सोसलंच असतं, आजवर सोसलंच की. पण ही परकी कोण? तू सांग ना सुन्निवाला, तिथे जाणं सोड म्हणून. तुझं ऐकेल ती."

बहिणीचं ते हसणं, आई नेमकी कोण यावरचं, माग्नहिल्डला आत्ता कुठे ऐकू आलं. पण त्याहून मोठ्याने दुसरंच काही ऐकू येत होतं. तुझं ऐकेल ती. एका शब्दाचं काम होतं. पोरगी रांदीकडून सुटून इथे, या टेबलाशी परत येणार होती, आणि वरून तो आईचाच हट्ट म्हणून खपला असता. नाही म्हणणं हे तिचं काम होतं. नाही, ती जागा पोरीची आहे, तिथून तिला कुणी उठवायचं नाही. हे वाक्य तिने आजवर किती आयांना ऐकवलं होतं.

"बघते," ती म्हणाली.

तेवढंच. तिने पुढे काही केलं नाही, सुन्निवाला काही सांगितलं नाही. पण योरुनने घरी जाऊन सुन्निवाला सांगितलं की सगळ्या बेटाला दिसतंय, आणि मावशीलाही ते पसंत नाही.

जत्रा झाली, नाताळ झाला. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा मंगळवारी पडवीत रांदीचे बूट एकटेच होते. माग्नहिल्डने खिडकीतून ते पाहिलं आणि तिला आनंद झाला. साधासुधा नाही, पोटभर. त्याची लाज तिला नंतर वाटली, पण आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दुपारी घरी आली तर आपल्या पडवीत लाल पट्टीचे बूट. सुन्निवा टेबलाशी बसली होती. आर्वेने तिला कोको करून दिला होता. माग्नहिल्डने वॅफलचा तवा काढला, पीठ फेटलं, पोशाखाचं कापड आणून तिच्या मांडीवर ठेवलं. घागऱ्याची किनार अर्धी झाली होती. सुन्निवाने फुलांवरून हात फिरवला नाही. ती चीजच्या पातळ कापाची गुंडाळी करत होती, उलगडत होती, पुन्हा करत होती. पुढच्या मंगळवारीही आली, त्याच्या पुढच्याही. विचारलं तर उत्तर द्यायची. शाळा बरी आहे. अभ्यास बरा आहे. थंडी आहे. माग्नहिल्डला हवा होता तो मंगळवार तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

शेवटी एके दिवशी तीच म्हणाली, "तू मंगळवारी येतेस ते मला आवडतं."

"इथे माझे बूट दिसले तर कुणी काही म्हणत नाही," सुन्निवा म्हणाली.

तव्यावरचा वॅफल करपला. माग्नहिल्डने तो काढला, गॅस बंद केला, हात पुसले आणि समोर येऊन बसली. पोरगी तिच्यासाठी आली नव्हती. ती फक्त लपायला आली होती.

"तुझ्या आईला मी 'बघते' म्हणाले होते," माग्नहिल्ड म्हणाली. "म्हणायला नको होतं."

"ठाऊक आहे."

"तुला तिथे जायचं आहे?"

सुन्निवाने चीजची गुंडाळी बशीत ठेवली. मग मान डोलावली. "तुला राग येईल, मावशी."

"येईल. माझा राग मी सांभाळेन. ते तुझं काम नाही."

सुन्निवाला काय सांगायचं होतं ते या गोष्टीत नाही. ते माग्नहिल्डला तेव्हा कळलं नाही, आजही ठाऊक नाही, आणि आम्हा कुणालाच ठाऊक नाही. रांदीला ठाऊक आहे. तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी माग्नहिल्ड मुख्याध्यापकांकडे गेली आणि म्हणाली की मंगळवारी शाळा सुटल्यावर ती मुलांना विणकाम शिकवणार आहे, पिवळ्या घरात, उजवीकडच्या खोलीत. मुख्याध्यापक म्हणाले, त्या खोलीत जुनी बाकं भरली आहेत आणि मोठ्या इमारतीत चांगला वर्ग रिकामा आहे. तिने सांगितलं की तिला तीच खोली हवी, बाकं आर्वे हलवेल. मग तिने पडवीचं सांगितलं. कुणाचंही नाव घेतलं नाही, फक्त दुकानाची खिडकी, पट्ट्या आणि बूट. मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या मुलांच्या निळ्या बुटांवरही पांढरी पट्टी होती. ते उठून किल्ली आणायला गेले.

योरुनकडे ती स्वतः गेली. तिथे तिने हो-नाही काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली की मी 'बघते' म्हणाले ते चुकलं, पोरीला जिथे जायचं तिथे जाऊ दे, तुला लागेल, मलाही लागतंय. दोघी बहिणी बाकावर शेजारी बसून होत्या. योरुन म्हणाली, "तुला पण?" आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल पडला.

विणकामाला आधी पाच मुली आल्या, मग नऊ, मग दोन मुलगेही आले, कारण वॅफल मिळतात असं कळलं होतं. लहान मुलांना टाके धरून द्यायला माणूस कमी पडायला लागलं, तेव्हा माग्नहिल्ड दुकानात गेली आणि हाल्दिसला म्हणाली, मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, चल. हाल्दिसने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिला कळलं असावं. ती म्हणाली, "म्हणजे माझी खिडकी बंद करतेस."

"हो."

"बरं," हाल्दिस म्हणाली आणि कोटाला हात घातला. तिच्या मुलीचेही बूट कधीकाळी त्याच पडवीत होते.

तेव्हापासून मंगळवारी पडवीत बूट मावत नाहीत. पायऱ्यांवर, कठड्याला टेकून, एकमेकांवर. आत गेलं की उजवीकडे विणकाम, समोर बोळात संडास आणि छोटं स्वयंपाकघर, डावीकडे ती खोली. हातात विणकामाची पिशवी घेऊन कोण बोळात गेलं आणि किती वेळाने आलं, हे सुयांवर डोळे लावून बसलेल्याला कळत नाही. सुन्निवा येते, मोज्याची टाच विणते, मध्येच उठते. माग्नहिल्ड मान वर करत नाही. ते तिला फार जड जातं. भिंत पातळ आहे. शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून तिने रेडिओ आणून ठेवला आहे, पण रांदीचं हसू रेडिओला जुमानत नाही. एकदा त्या हसण्यात दुसरं एक हसू मिसळलं, ओळखीचं, ऑक्टोबरपासून तिच्या घरात न ऐकलेलं. माग्नहिल्डचे सुईवरचे टाके सुटले. हाल्दिसने तिच्या हातातून विणकाम घेतलं आणि सुटलेले टाके उचलून दिले.

एप्रिलमध्ये एकदा बोटीची वेळ झाली तरी रांदी पडवीत रेंगाळली. म्हणाली, "ताई, तुम्ही जे केलंत त्याबद्दल..."

"आभार मानू नकोस," माग्नहिल्ड म्हणाली. "मला तू अजून आवडत नाहीस."

"ठाऊक आहे मला," रांदी म्हणाली. "तरी पण." ती टोपी सारखी करत धक्क्याकडे पळाली. त्या रविवारी प्रार्थनाघरात माग्नहिल्डने तिचं नाव घेतलं. भराभर, दोन मेंढ्यांच्या मधे, पण घेतलं.

पोशाख वेळेत झाला. दृढीकरणाच्या आधीच्या मंगळवारी विणकाम लवकर आटपलं, मुलं शेवटच्या वॅफलवरून भांडत होती, डावीकडचं दार अजून बंद होतं. माग्नहिल्ड पडवीत आली. पाऊस थांबला होता. जाताना मुलांना सोपं जावं म्हणून ती बूट वळवून ठेवायला वाकली. आधी तिने लाल पट्टी शोधली. सापडली नाही. एका जोडीच्या वरच्या कडेला पट्टी खरवडून काढल्याची चिकट खूण होती, मग तशीच खूण दुसऱ्या एका जोडीवर दिसली, मग तिसऱ्या. कुणी आधी काढली आणि कुणी बघून काढली, सांगता येत नव्हतं. यातले आपल्या पोरीचे कुठले, ते तिला ओळखू येईना.

हेच तर तिला हवं होतं. तरी ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिने एका टोकापासून सुरुवात केली आणि सगळेच बूट एकेक करून रस्त्याकडे वळवले, हाल्दिसचे आणि रांदीचेसुद्धा.